पंपाच्या पोटातलं ऑइल वाढतं कसं?

कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी आमच्या तात्यांनी पंचवीस वर्षं जुना एक ट्रॅक्टर घेतला. वाळवा तालुक्यात ऊस, घरची ट्रॉली तयार, फक्त ओढणारं कुणीतरी हवं होतं. आणल्या आणल्या इंजिन ऑइल, गिअर ऑइल, फिल्टर सगळं बदललं. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"अरे, त्या डिझेल पंपालाबी एक काडी हाय बघ. काढून बघितली तर ऑइल खुणंच्या वर बोटभर. मी तर टिपूससुद्धा टाकलं न्हाई. मागच्या मालकानं जास्त भरलं असंल का?"

"तात्या, काडी जरा नाकाला लावा."

थोडा वेळ शांतता. मग, "डिझेल मारतंय की रं."

नेमकं इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. इंजिन ऑइल कमी होतं, म्हणून आपण काडी बघतो ती कमी झालंय का हे बघायला. जुन्या डिझेल पंपाचं, म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून फवारणाऱ्या पंपाचं, उलटं असतं. त्यातलं ऑइल वापरून वापरून वाढतं. खुणेच्या वर दिसलं की माणूस निश्चिंत होतो आणि काडी परत खोचून टाकतो. आता नव्या गाड्यांच्या पंपाला ही काडीच नसते, त्यामुळे तरुण मेकॅनिकनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. सर्व्हिसिंगच्या यादीत ही ओळ यायची राहते आणि पंप वर्षानुवर्षं तेच घेऊन फिरतो.

तुमच्या पंपाला ऑइल लागतं का, ते आधी बघा

सगळ्या डिझेल पंपांना वेगळं ऑइल लागत नाही. ओळखायला बॉनेट उघडलं तरी पुरतं. पंपावरून नोझलकडे, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, जाणाऱ्या लोखंडी नळ्या एका रांगेत उभ्या असतील, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या, तर तो इनलाइन पंप. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरवर हाच सर्रास दिसतो आणि गावाकडे त्याला मायको पंप म्हणतात. मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी; २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजमध्ये अजून मायकोच चालतं. हा लेख या पंपाचा आहे.

नळ्या एका गोल डोक्यातून फुलासारख्या बाहेर पडत असतील तर तो रोटरी पंप. त्याच्या आतले सगळे भाग डिझेलमध्येच भिजलेले असतात, वेगळं ऑइल नसतं. त्याच्यावर ऑइलचं बूच शोधत बसू नका. जे बूच सापडेल ते डिझेलचं असेल, किंवा ज्याला हात लावू नये असं काहीतरी असेल. विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनाला जो छोटा पंप असतो, त्यालाही स्वतःचा कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, नसतो. इंजिनचाच कॅम त्याला ढकलतो आणि इंजिनचंच ऑइल तिथं पोचतं.

इनलाइन पंपातही दोन घराणी आहेत. एकात पंपाचं ऑइल स्वतंत्र, पंपाच्याच पोटात साठलेलं. दुसऱ्यात इंजिनकडून एक बारीक नळी पंपाला येते, इंजिनचं ऑइल पंपात फिरतं आणि परत इंजिनात उतरतं. अशी नळी दिसली तर पंपाचं ऑइल वेगळं बदलायचं नसतं, पण पुढे सांगितलेला धोका तिथं जास्त मोठा आहे.

पंप करतो तरी काय?

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाललं तेव्हा त्यात डिझेल फवारायला दाबाखालची हवा लागायची. म्हणजे इंजिनाबरोबर एक कॉम्प्रेसर वागवायचा. असलं धूड ट्रकमध्ये मावत नव्हतं. १९२७ मध्ये बॉशने इंजेक्शन पंपाचं घाऊक उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन रस्त्यावर धावू लागलं. तात्यांच्या ट्रॅक्टरवर बसलाय तो त्याच पंपाचा वंशज.

त्याची वरची बाजू म्हणजे पिचकाऱ्यांची रांग. प्रत्येक सिलिंडरला एक पिचकारी. गॅरेजच्या भाषेत तिला एलिमेंट म्हणतात: एक नळी आणि तिच्यात वर-खाली होणारा एक दट्ट्या. नोझल उघडायला साधारण दोनशे बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो, म्हणजे इथं शंभरपट. आणि डिझेल किती? चार सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमवर तासाला सहा लिटर पीत असेल तर हिशेब करून बघा: दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला एक फवारा, म्हणजे तासात एकूण २ लाख ४० हजार फवारे, एका फवाऱ्यात ०.०२५ मिलिलिटर. पाण्याच्या थेंबाच्या निम्मं.

एवढंसं माप कमी-जास्त कसं होतं, ही त्या पंपातली सगळ्यात देखणी करामत. दट्ट्या दर वेळी तेवढाच वर जातो. पण त्याच्या अंगावर एक तिरकी खाच असते. दूधवाल्याच्या मापट्याला बाजूला भोक आहे असं समजा. मापटं काठोकाठ भरलं तरी दूध भोकाच्या पातळीपर्यंतच उरणार. भोक वर असेल तर जास्त, खाली असेल तर कमी. इथं दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरवला की ती तिरकी खाच भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते, आणि तेवढंच डिझेल पुढे जातं. सगळे दट्टे एकदम फिरवणारी दातेरी पट्टी म्हणजे रॅक.

रॅक कुणी ओढायची? तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर असतो, पण शेवटचा शब्द गव्हर्नरचा, म्हणजे वेग आवरणाऱ्या फिरत्या वजनांचा. पंपाच्या मागच्या टोकाला असलेल्या डब्यात ही वजनं बसलेली असतात. फुगडी घालताना वेग वाढला की अंग बाहेर ओढलं जातं ना, तशी ही वजनं वेगाबरोबर बाहेर पसरतात आणि रॅक मागे ओढून डिझेल कमी करतात. नांगर जड जमिनीत गेला, इंजिन दबलं, की वजनं मिटतात आणि डिझेल वाढतं.

मग ऑइल कुठं आलं यात?

खालच्या बाजूला. पिचकाऱ्यांच्या खाली कॅमशाफ्ट फिरतो, त्यावर रोलर लावलेले टॅपेट असतात, तेच दट्ट्यांना वर ढकलतात. दोनशे बारचा दाब एका बोटाएवढ्या रोलरवर, मिनिटाला हजार वेळा. हे सगळं आणि गव्हर्नरची वजनं ऑइलमध्ये चालतात. ऑइलही फार नसतं, पंपाच्या आकारानुसार दोन-तीन कप चहाएवढं.

वर डिझेल, खाली ऑइल, आणि दोन्हींच्या मधे फक्त दट्टे. दट्ट्याला पिस्टनसारख्या रिंगा नसतात, रबरी सील नसतं. नळी आणि दट्ट्या एकमेकांवर घासून इतके जुळवलेले असतात की मधली फट काही मायक्रॉनची उरते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणून तर एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत घालत नाहीत, जोडी मोडली की एलिमेंट गेलं. पण फट कितीही बारीक असली तरी ती फट आहे, आणि दट्ट्याला वंगण मिळतं ते याच फटीतल्या डिझेलचं. त्यातलं कणभर खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. नव्या पंपातही झिरपतं, झिजलेल्यात जास्त.

म्हणजे थोडं वाढणं हा बिघाड नव्हे. पंप बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. काही पंपांना जादाचं बाहेर सोडायला एक छोटी नळीच दिलेली असते आणि तिच्यातून अधूनमधून थेंब पडतो. हा थेंब बघून तिच्यात लाकडाची खुंटी ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत. खुंटी ठोकली की थेंब थांबतो, आणि काही दिवसांनी पंपाच्या पुढच्या सीलमधून ऑइल यायला लागतं. मग सील बदलतात. खुंटी तशीच.

वाढलं तर वाढलं, बिघडतंय काय?

दोन गोष्टी बिघडतात. डिझेलने ऑइल पातळ होतं. कॅम आणि रोलर यांच्यात जो तेलाचा पापुद्रा टिकायला हवा तो टिकत नाही, आणि लोखंडावर लोखंड घासतं. डिझेलही तेलच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे, दट्ट्याला ते पुरतं, कारण तिथं दट्ट्या नळीत नुसता सरकत असतो. रोलरवर ठोका बसतो. खोबरेल लावून बैलगाडीचा आस चालवण्यासारखं आहे ते. काही दिवस कुरकुर होणार नाही, एवढंच.

दुसरं, गव्हर्नरचा डबा गरजेपेक्षा जास्त भरतो. फुगडी गुडघाभर पाण्यात घालून बघा. वजनं जड होतात, उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. रिकाम्या इंजिनची रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते. लोक मग नोझल तपासतात, डिझेल फिल्टर बदलतात, एअर काढतात. काडी मात्र कुणी बघत नाही.

आणि इंजिनचंच ऑइल फिरतं त्या पंपात? तिथं झिरपलेलं डिझेल थेट इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत, जातं. इंजिन ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर येतं. पातळी फारच चढली तर ते पातळ मिश्रण ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, हवेच्या वाटेत शिरू शकतं, आणि मग इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं. असं सुटलेलं इंजिन स्टॉपची वायर ओढून थांबत नाही, कारण त्याला पंपाच्या डिझेलची गरजच उरत नाही. हवेची वाट जाड फळीने बंद करणं हाच उपाय, हाताने किंवा फडक्याने नव्हे. म्हणून इंजिन ऑइल न टाकता वाढलेलं दिसलं की ट्रॅक्टर चालू करू नका.

काडी, बूच आणि कागद

तपासायचं सपाट जागेवर, इंजिन बंद करून, ऑइल निथळायला दहा मिनिटं देऊन. काही पंपांना काडी असते. काहींना फक्त बाजूला एक लेव्हलचं बूच: ते उघडलं की ऑइल भोकाच्या काठाशी असलं पाहिजे. उघडल्यावर धार लागली तर समजा वाढलंय.

वाढलंय हे कळलं, पण कशाने? इथं नाक आणि वर्तमानपत्र कामाला येतं. काडीवरचा एक थेंब कागदावर सोडा, शेजारी नव्या ऑइलचा एक थेंब, आणि चहा पिऊन या. नव्या ऑइलचा डाग आटोपशीर राहतो. डिझेल मिसळलेल्याच्या भोवती फिकट ओलसर कडं पसरत जातं. प्रयोगशाळेची परीक्षा नाही ही, पण दोन्ही शेजारी असले की फरक डोळ्यांना दिसतो.

ऑइल वाढलंय, पण जाड आहे, काळंकुट्ट आहे आणि डिझेलचा वास नाही, असं असेल तर ते इंजिनाकडून आलंय. पंपाच्या पुढच्या शाफ्टचं सील गेलं की टायमिंगच्या बाजूचं ऑइल आत शिरतं. आणि रंग दुधाळ असेल तर पाणी. पावसाळाभर उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये हे सापडतं.

बदलायचं कसं

आधी पंप बाहेरून धुऊन घ्या, ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन. पंपाच्या आत गेलेला मातीचा एक कण इंजिनात गेलेल्या मूठभर मातीपेक्षा वाईट. इंजिन थोडं चालवून गरम करा, म्हणजे ऑइलबरोबर गाळही निघतो.

मग एक नियम पाळा, जो मी स्वतः एकदा मोडून शिकलो: आधी भरायचं बूच सैल करून बघा, नंतरच खालचं सोडा. जुन्या पंपाचं वरचं बूच गंजून धरलेलं असतं. खालून सगळं ऑइल काढून झाल्यावर वरचं उघडेना, तर रविवारच्या संध्याकाळी काय करायचं याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही.

खाली पसरट डबा ठेवून निचरा होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. जे निघालं ते फेकू नका, निदान लगेच नको. त्यात एक लोहचुंबक फिरवा. चुंबकावर काळसर चिखलासारखं काही लागलं तर ती वयोमानाची झीज. चमकणारे कण, पापुद्रे लागले तर कॅम किंवा रोलर सोलतोय, पंप खोलायला न्यावा लागेल. हा डबा म्हणजे पंपाचा रक्ताचा रिपोर्ट आहे आणि फुकट मिळतो.

खालच्या बुचाचं तांब्याचं वॉशर बदला किंवा लालसर तापवून मऊ करून घ्या. बूच आवळताना जोर नको, पंपाचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं, आटे लगेच जातात. नवं ऑइल जायला वरचं भोक लहान असतं. जनावरांना औषध पाजायची मोठी सिरिंज यासाठी उत्तम, अर्थात ती पुन्हा गोठ्यात न्यायची नाही. लेव्हलच्या भोकातून ऑइल यायला लागलं की थांबायचं, जादाचं निथळू द्यायचं, बूच लावायचं. काही पंपांना गव्हर्नरच्या डब्यावर भरायचं वेगळं भोक असतं, तिथंही तेवढंच जायला हवं. वरती एखादा छोटा ब्रीदर असेल तर तो धुवा. तो तुंबला की आत दाब साठतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, पुन्हा बघा.

हे करताना तारेने आणि शिशाच्या सीलने बांधलेले स्क्रू दिसतील. ते जास्तीत जास्त डिझेल आणि जास्तीत जास्त वेग ठरवतात. त्यांचा ऑइलशी संबंध नाही, हात लावू नका. नोझलच्या नळ्याही सोडायची गरज नाही. सोडल्याच तर इंजिन फिरताना निघणारा फवारा अंगावर घेऊ नका, तो कातडीतून आत जातो आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

कोणतं ऑइल? जाड घातलं तर?

साधं, नवं इंजिन ऑइल. पुस्तिकेत इंजिनासाठी जे लिहिलंय तेच बहुतेक पंपांना चालतं, आपल्याकडे बहुधा २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. "नव्वद नंबरचं घाला, जाड असल्यावर डिझेल शिरणार नाही" हा सल्ला हमखास मिळेल. डिझेल वरून दाबाने उतरतंय, खाली काय आहे याने त्याला फरक पडत नाही. जाड गिअर ऑइलने फक्त गव्हर्नर सुस्त होईल. इंजिनचं काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नको, त्यातली काजळी रोलरला घासपूड लावल्यासारखी काम करते.

डिझेलच्या टाकीत थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं, ऑइल टाकतात, त्याचं काय? ते वेगळं प्रकरण आहे. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलं, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरी त्यात वंगणाचं रसायन घालते. टू-टी घालायचं की नाही यावर गॅरेजमध्ये रात्र काढता येईल, पण ते जातं दट्ट्यांना. खालच्या पोटातल्या ऑइलला त्याचा उपयोग शून्य.

"वीस वर्षं कुणी बदललं नाही, पंप चालतोय की"

चालतोय, कारण हे पंप फारच दणकट बनवलेत, आणि त्यांची झीज आवाज करत नाही. इंजिनचं बेअरिंग ठोकायला लागलं की शेजारच्या रानातही कळतं. कॅम झिजला तर काय होतं? एका सिलिंडरला डिझेल थोडं कमी जातं, थोडं उशिरा जातं. इंजिन जरा धुरकट चालतं, चढाला जरा कमी ओढतं, डिझेल जरा जास्त पितं. प्रत्येक वेळी "जुनं झालंय" म्हणून आपण सोडून देतो. शेवटी पंप बांधायला जातो तेव्हा पंपवाला कॅमशाफ्ट टेबलावर ठेवतो आणि आपण बिलाकडे बघतो. दर वेळी इंजिन ऑइल बदलताना त्याच कॅनमधलं पाव-अर्धा लिटर इकडे घातलं असतं तर, हा हिशेब कुणीही करू शकतं.

बदललं, तरी पुन्हा चढलं

आता खरी गंमत. एकदा ऑइल बदललं की तुमच्या हातात एक कोरी पाटी येते. अवरमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दहा तासांनी काडी बघा, मग पंचवीस तासांनी. किती वाढलं यापेक्षा किती वेगाने वाढलं हे महत्त्वाचं. दोन ऑइल बदलांच्या मधे थोडंसं चढलं तर पंप वयाप्रमाणे वागतोय. आठवड्यात बोटभर चढलं तर कुठंतरी दार उघडं आहे.

सगळे एकदम एलिमेंटवर खापर फोडतात. पण पंपाच्या कुशीला जो फीड पंप बसलेला असतो, टाकीतून डिझेल ओढणारा, ज्याला हाताने मारायचा दट्ट्या असतो तो, त्याचीही एक बारीक काडी कॅमशाफ्टला टेकलेली असते. ती किंवा तिचं घर झिजलं की डिझेल तिच्या अंगावरून सरळ ऑइलमध्ये उतरतं. हे तपासायला पूर्ण पंप उतरवावा लागत नाही. फीड पंपाचे नट काढून, नळ्या तशाच ठेवून, तो बाजूला घ्यायचा आणि हाताने मारायचा. काडीच्या कडेने डिझेल पाझरलं तर चोर सापडला. तिथं कोरडं असेल तर पंपाच्या बाजूची पट्टी उघडून वरून डिझेल मारतात आणि कुठल्या एलिमेंटखाली ओल येते ते बघतात. ते मात्र पंपवाल्याच्या देखरेखीखाली, कारण एलिमेंट बदललं की कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येकाचं डिझेलचं माप पुन्हा जुळवणं, आलंच.

तात्यांचं ऑइल बदललं त्या दिवशी डब्यात निघालं ते जवळजवळ पाण्यासारखं वाहत होतं. चुंबकाला काळा चिखल लागला, चमक नव्हती. दहा तासांत पुन्हा अर्धं बोट चढलं. इस्लामपूरच्या पंपवाल्याने फीड पंप हातात घेतला, दोन-चार वेळा मारला आणि काडीच्या मुळाशी जमलेला थेंब अंगठ्याने पुसून तात्यांना दाखवला. एलिमेंट अजून एक-दोन हंगाम काढतील म्हणाला.

बॉनेटच्या आतल्या बाजूला तात्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख आणि तास लिहून ठेवलेत. गाळप सुरू होऊन महिना झाल्यावर त्यांनी मला काडीचा फोटो पाठवला. ऑइल खुणेवर, रंग किंचित काळसर. खाली दोनच शब्द होते: "वास न्हाई."